व्हिक्टोरियन जादूगाराच्या पेट्यांमध्ये काय असायचं?

(कॅमेरा समोर. टेबलावर एक जुनी लाकडी पेटी, बंद.)

टोपीतून ससा काढणारा जादूगार चित्रात आपण शंभरदा पाहिलाय. काळा कोट, पांढरे हातमोजे, मागे पडदा. आज त्याला जरा बाजूला ठेवू आणि रेल्वेच्या मालडब्यातून त्याचं जे सामान उतरायचं ते बघू. 1840 ते 1900 या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये गावोगाव खेळ करणाऱ्या माणसाने कुठली जादू दाखवायची, हे त्याच्या डोक्याइतकंच त्याची पेटीही ठरवायची. वस्तू पेटीत मावते का? वाटेत फुटते का? आणि सोमवारी दुपारी ज्या हॉलमध्ये उतरायचं, तिथला रखवालदार जमिनीला भोक पाडू देतो का?

त्या काळात जादूगारांच्या दोन जाती होत्या म्हणा. एक घरवाले. पॅरिसमध्ये रॉबेर-ऊदँने 1845 साली पाले रोयालमध्ये स्वतःचं छोटं थिएटर थाटलं. लंडनमध्ये मॅस्केलिन आणि कुक 1873 पासून पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये ठाण मांडून बसले, आणि मॅस्केलिनचा मुक्काम तिथे 1904 पर्यंत टिकला. स्वतःची जागा असली की जमिनीखालून तारा न्या, भिंतीत दोऱ्या घाला, कोण विचारतंय?

दुसरे फिरस्ते. यांच्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे जॉन हेन्री अँडरसन, जन्म 1814, स्कॉटलंडचा. स्वतःला 'उत्तरेचा महान जादूगार' म्हणवून घ्यायचा. अमेरिका, ऑस्ट्रेलिया सगळं पालथं घातलं त्याने. फिरस्त्यांना मिळायचा तो गावचा टाउन हॉल, नाहीतर कामगारांच्या शिक्षणसंस्थेचं सभागृह, नाहीतर कॉर्न एक्स्चेंज, म्हणजे दिवसा धान्याचे सौदे आणि संध्याकाळी करमणूक. साधारण याच सुमारास, 1843 नंतर, आपल्याकडे विष्णुदास भावे सांगलीहून नाटक मंडळी घेऊन निघाले होते. पडदे बांधा, सोडा, पुढचं गाव गाठा, हा धंदा तिकडेही तसाच.

सामानाच्या आधी माणूस पोचायचा. जादूगाराचा हस्तक आठवडाभर पुढे असायचा. हॉलचं भाडं ठरवणं, भिंतींवर जाहिराती डकवणं, स्थानिक वर्तमानपत्रात मजकूर देणं ही सगळी त्याची कामं. अँडरसन या बाबतीत आजच्या कुठल्याही इन्फ्लुएन्सरला लाजवेल असा. हॉटेलात सकाळी जे लोणी ताटलीत यायचं, त्याच्या वडीवर आपल्या नावाचा ठसा उमटावा म्हणून त्याने साचे करून घेतले होते. लोकांकडून कोडी मागवायचा, ती छापायचा आणि तीच पुस्तिका खेळाच्या वेळी विकायचा. स्वतःचं कोडं वाचलं जाणार म्हटल्यावर माणूस तिकीट काढून येणारच, सोबत बायको-मुलांनाही आणणार. दर साधारण असे असायचे: पुढच्या राखीव खुर्चीला 2 ते 3 शिलिंग, मागच्या बाकाला 1 शिलिंग, अगदी मागे 6 पेन्स. एका शिलिंगाचे 12 पेन्स. सगळी कसरत त्या शिलिंगवाल्या बाकांसाठी, कारण हॉल भरतो तो त्यांच्यावर.

चला, पेट्या उघडू.

(पेटीचं झाकण उघडतं.)

सगळ्यात वर हत्यारं. करवत, गिरमिट, स्क्रू, खिळे, सुतळी, पत्र्याचे सांधे जोडायला डाग द्यायचं सामान. प्रवासात काहीतरी मोडलेलं असणारच, हे धरूनच पेटी भरलेली. त्याखाली स्वतःचे पडदे आणि स्वतःचा गालिचा. हे शोभेसाठी आणलेत असं वाटेल, पण यांच्यावाचून अर्धे खेळ बंद पडतात. कसे, ते पुढे आरशाच्या वेळी कळेल.

मग टेबल. अँडरसनच्या पिढीत मंचावर चकाकत्या भांड्यांचा नुसता बाजार मांडलेला असायचा आणि टेबलांना जमिनीपर्यंत कापडाची झालर. झालर कशाला? आत माणूस बसायला! रॉबेर-ऊदँला या प्रकाराचा तिटकारा. त्याने बारीक पायांची उघडी टेबलं आणली आणि अंगात चोगा घालण्याऐवजी मेजवानीला जायचा साधा काळा कोट. प्रेक्षकाला वाटलं, लपवायला जागाच नाही. जागा होती, नुसती सरकली होती. टेबलाच्या मागच्या अंगाला, प्रेक्षकांना दिसत नाही अशी, पृष्ठभागाखाली वीतभर अंतरावर एक अरुंद फळी. तिचं फ्रेंच नाव 'सर्वांत' (servante). फिरत्या टेबलात ती खणासारखी आत सरकायची, म्हणजे पेटीत जागा खात नाही. फळीवर जाड लोकरी कापड हवंच. नाण्याचा 'टण्ण' आवाज झाला की खेळ संपला. कोटालाही चोरखिसे: एक जोडी मागे शेपटीत, हात सरळ खाली सोडला की बोटं जिथे पोचतात बरोब्बर तिथे. म्हणून कोट शिंप्याकडे हाताची लांबी मोजून शिवायचा. उसन्या कोटात जादू होत नाही!

आता ही बाटली.

(हातात काळपट बाटली.)

'न संपणारी बाटली'. प्रेक्षक ओरडतात पोर्ट, शेरी, जिन, दूध; एकाच बाटलीतून ज्याला जे हवं ते निघतं. रॉबेर-ऊदँने 1847 मध्ये हा खेळ लावला आणि मग ब्रिटनभर प्रत्येकाच्या पेटीत तो शिरला. बाटली काचेची नाही, पत्र्याची. वरून काळा चकचकीत रंग. आत साधारण पाच उभे कप्पे, प्रत्येकाची बारीक नळी वर मानेपर्यंत आलेली. आणि प्रत्येक कप्प्याला बाहेरच्या अंगाला सुईएवढं एक भोक. बाटली हातात धरली की चार बोटं आणि अंगठा या पाच भोकांवर बसतात. भोक बंद असेपर्यंत कप्प्यात हवा जात नाही, आणि हवा आत गेल्याशिवाय नळीतून थेंब बाहेर येत नाही. एक बोट उचललं की तेवढाच कप्पा वाहतो.

मग लोक पाचापेक्षा जास्त प्रकार मागतात त्याचं काय? ट्रेमधल्या बुटक्या, जाड बुडाच्या ग्लासांपैकी काहींच्या तळाशी आधीच अर्काचे एक-दोन थेंब टाकलेले असतात. वरून साधी दारू पडली की चव बदलते. ग्लास इतके छोटे की एका कप्प्यात कितीतरी माणसं निभतात.

बिघडतं कुठे? खेळानंतर बाटली कोमट पाण्याने धुतली नाही, तर गोड दारू भोकात वाळून बसते. दुसऱ्या दिवशी बोट उचललं तरी हवा आत जात नाही, आणि जादूगार बाटली उलटी धरून उभा! पत्र्याला पोचा आला आणि कप्प्याचा डाग सुटला, तर दुधात पोर्ट मिसळते. म्हणून ते डाग द्यायचं सामान पेटीत सगळ्यात वर.

आणि 1876 नंतर आणखी एक डोकेदुखी. अँजेलो लुईस नावाच्या बॅरिस्टरने प्रोफेसर हॉफमन या टोपणनावाने 'मॉडर्न मॅजिक' हे पुस्तक काढलं आणि त्यात असली सगळी यंत्रं मापांसकट समजावून सांगितली. आता गावच्या वाचनालयात बसून कुणीही बाटलीची भोकं मोजून यावीत. आमच्या मते मात्र जादूची कला त्या पुस्तकाने जितकी वाढवली तितकी कुठल्याच खेळाने नाही.

माशांचं भांडं. रिकाम्या हाताने शाल झटकायची आणि खालून पाण्याने काठोकाठ भरलेलं, पोहत्या माशांसकट काचेचं भांडं काढायचं. चिनी जादूगारांचा खेळ. युरोपात फिलिप नावाच्या फ्रेंच जादूगाराने तो लोकप्रिय केला. भांडं उथळ, 6 ते 8 इंच रुंद, आणि त्यावर ताणून बसवलेलं रबराचं झाकण. भांडी आडवी न ठेवता उभी, कोटाच्या आत. दोन छातीच्या दोन बाजूंना, एखादं पाठीमागे. शालीच्या आत भांडं ओढून घेताना त्याच हालचालीत झाकण सोलून काढायचं. रबर मात्र बेभरवशाचं. थंडीत कडक होतं, जुनं झालं की काठाला चिरा जातात. आणि झाकण सुटलं की पाणी थेट पँटमध्ये. हा खेळ कार्यक्रमात लवकर का येतो, कळलं? भांडी अंगावर असताना माणसाला बसता येत नाही आणि वाकताही येत नाही.

बरं, ज्याला पेटीच लागत नाही असा एक खेळ. दुसरी दृष्टी. रॉबेर-ऊदँ आणि त्याचा मुलगा एमिल यांनी 1846 मध्ये तो सुरू केला. मुलगा मंचावर डोळे बांधून बसलेला, बाप प्रेक्षकांत. लोकांनी हातात दिलेली वस्तू मुलगा तिकडून ओळखतो. पुढे रॉबर्ट हेलरने यावर मोठं नाव कमावलं. बोलून चालवायची जी पद्धत सगळ्यांनी उचलली, तिची गंमत मराठीतून करून बघू. समजा आपण ठरवलं: 1 म्हणजे 'सांग', 2 म्हणजे 'बघ', 3 म्हणजे 'आता', 4 म्हणजे 'लवकर', 5 म्हणजे 'बरं'. मी म्हटलं, "आता सांग, लवकर." तुम्हाला ऐकू आलं 314. "बरं, आता बघ." 532. झालं, घड्याळावरचा नंबर पोचला! वस्तूंच्याही अशाच याद्या. पहिली यादी रोज खिशात सापडणाऱ्यांची: घड्याळ, किल्ली, रुमाल, तपकिरीची डबी. पुढच्या याद्या धातूच्या, रंगाच्या, देशाच्या. दोघांनाही त्या झोपेतून उठवलं तरी पाठ हव्यात. अडचण येते ती घुमणाऱ्या हॉलमध्ये. कॉर्न एक्स्चेंजचं छत उंच आणि काचेचं. 'बघ' आणि 'बरं' यात तिकडच्याला फरक कळला नाही की सोन्याचं घड्याळ चांदीचं होतं. फिरस्त्यांमध्ये जोडी फुटली तर हा खेळही गेला. नवा जोडीदार तयार व्हायला महिने जातात.

आता जड पेट्या. इथे जपून.

(पडद्यावर रेखाचित्र: तीन पायांचं टेबल, वरून पाहिलेलं.)

'स्फिंक्स'. 16 ऑक्टोबर 1865, इजिप्शियन हॉल, जादूगार कर्नल स्टोडेअर. डोक्यातली कल्पना थॉमस टोबिनची. तीन पायांचं उघडं टेबल, त्यावर एक छोटी पेटी ठेवतात, दार उघडतात. आत इजिप्शियन मुंडकं, ते डोळे उघडतं आणि बोलतं. टेबलाखाली आरपार मागचा पडदा दिसतोय!

पण तो मागचा पडदा नाही. पुढचा एक पाय आणि मागचे दोन पाय यांच्यामध्ये दोन आरसे बसवलेत, एकमेकांशी काटकोनात. आरशात दिसतात ते बाजूचे पडदे. ते मागच्या पडद्यासारखेच, त्याच रंगाचे आणि टेबलापासून बरोब्बर तेवढ्याच अंतरावर असले, तर डोळा त्यांना 'मागचा पडदा' समजतो. आरशांच्या मागे माणूस गुडघ्यावर बसलेला. पेटीला तळ नाही, टेबलाला चोरझडप. पेटी टेकली की तो डोकं वर घालतो.

आता कळलं ना स्वतःचे पडदे का आणायचे? तीन बाजूंचा एकच रंग, एकच घडी. गालिचाही साधाच हवा. पट्ट्यापट्ट्यांचा असला तर आरशात पट्टे दिशा बदलतात आणि गॅलरीतल्या पोराला लगेच कळतं. जादूगाराने चालायचं कुठून हेही ठरलेलं: पुढच्या पायाच्या रेषेत सरळ टेबलाकडे. एक पाऊल बाजूला पडलं की आरशात त्याचेच बूट उगवतात, टेबलाखाली चार पाय! सगळ्यात वाईट म्हणजे बोटांचे ठसे. पॅरिसमध्ये हाच देखावा मांडला तेव्हा आरशावरच्या ठशांनी घात केला आणि लोक टेबलाखाली कागदाचे बोळे फेकून बघायला लागले. हवेत उसळून परत येणारा कागदाचा बोळा! म्हणून फिरत्या सामानात आरसे फ्लॅनेलमध्ये गुंडाळून, उभे ठेवून न्यायचे. पुसायचं काम पडदा उघडण्याच्या क्षणापर्यंत चालू.

काचेचाच दुसरा मोठा खेळ म्हणजे पेपरचं भूत. 24 डिसेंबर 1862, लंडनचं रॉयल पॉलिटेक्निक. मूळ कल्पना हेन्री डर्क्सची, ती मंचावर चालेल असं करून दाखवलं प्रोफेसर पेपरने. मंचाच्या पुढच्या कडेला प्रचंड साधी काच, प्रेक्षकांकडे झुकलेली. मंचापुढच्या खड्ड्यात लखलखीत उजेडात नट. त्याचं प्रतिबिंब काचेत पडून मंचावर भूत उभं. खड्डा आतून काळ्या मखमलीचा, नाहीतर नटासोबत खड्डाही दिसतो. अवघड भाग असा की मंचावरच्या नटाला भूत दिसतच नाही. तो जमिनीवरच्या खुणांवर तलवार चालवतो. शिवाय तो काचेच्या मागे, म्हणून आवाज दबतो. ही काच रेल्वेत चढवायची म्हणजे काय, विचार करा. म्हणून भुताचे खेळ करणाऱ्या वेगळ्या कंपन्याच झाल्या. साधा जादूगार तिच्या वाटेला जायचा नाही.

भुताला उजेड हवा, आणि तो चुन्याचा. लाइमलाइट. चुन्याची एक कांडी, तिच्यावर प्राणवायू आणि हायड्रोजनची ज्योत सोडली की कांडी तापून पांढरी लख्ख उजळते. गावात वायूच्या टाक्या कुठून येणार? प्राणवायू हॉलच्या मागच्या अंगणात रसायनं तापवून तयार करायचा आणि रबरी कापडाच्या पाचरीसारख्या पिशवीत भरायचा. पिशवी दोन फळ्यांत, वर 56 पौंडांची लोखंडी वजनं. त्या दाबाने वायू पुढे. धोका इथेच. दोन पिशव्या असल्या आणि एकीवरचं वजन कुणी मध्येच उचललं, तर एक वायू दुसऱ्या पिशवीत शिरतो आणि ज्योत मागे येते. स्फोट. शहाणे लोक म्हणून हायड्रोजनची पिशवी ठेवतच नसत, हॉलच्याच नळातला दिव्याचा गॅस वापरत. उजेड थोडा कमी, पण जीव शाबूत. चुन्याच्या कांड्या घट्ट झाकणाच्या डब्यात. दमट हवा लागली की भुगा. पेटल्यावरही दर काही मिनिटांनी कांडी फिरवत राहायची, नाहीतर एकाच जागी खड्डा पडतो आणि ज्योत उलट फेकली जाते.

आगीची भीती खोटी नव्हती. अँडरसनचं ग्लासगोतलं थिएटर 1845 मध्ये जळालं. मग 1856 च्या मार्चमध्ये लंडनचं कॉव्हेंट गार्डन थिएटर त्याने भाड्याने घेतलेलं असताना, मुखवट्यांच्या नृत्याची रात्र संपता संपता पहाटे पेटलं आणि बेचिराख झालं. पुढे दिवाळखोरी. तरी तो फिरतच राहिला आणि 1874 मध्ये डार्लिंग्टनला वारला.

ही लोखंडी साखळदंडासारखी वस्तू म्हणजे अधांतरी मुलाचा सांगाडा. 1847 मध्ये ईथरने भूल देण्याची नवी चर्चा होती. रॉबेर-ऊदँने मुलाला ईथर हुंगवल्याचं सोंग केलं, कोपराखाली एक काठी ठेवली आणि त्याला आडवा हवेत ठेवला. विंगेत तापल्या लोखंडावर ईथर ओतलं की वास हॉलभर. काठी लोखंडी, आणि कपड्यांच्या आत काखेपासून मांडीपर्यंत पोलादी पट्ट्या. कोपरापाशी दातेरी सांधा: मुलाला वर उचलत नेलं की एकेक दात अडकतो. दात झिजले की मुलगा एकदम एक टप्पा खाली. काठीचा पाया मंचावरच्या जड चौरंगात खोल बसलेला हवा. फिरस्त्यांना हा खेळ आवडे, कारण जमीन फोडावी लागत नाही, चौरंग आपलाच.

उलट 1886 ची 'गायब होणारी बाई' बघा, बुआतिए द कोल्टाची. जमिनीवर वर्तमानपत्र पसरतात, म्हणजे खाली दार नाही याची खात्री! त्यावर खुर्ची, खुर्चीवर बाई, बाईवर रेशमी चादर. चादर ओढली, खुर्ची रिकामी. वर्तमानपत्राला चोरदाराच्या मापाची चीर आधीच दिलेली. चादरीखाली बाईच्या डोक्या-खांद्यांच्या आकाराची तारेची चौकट, म्हणून ती खाली उतरून गेली तरी आकार तसाच. सुंदर खेळ, पण चोरदार लागतंच. थिएटर मिळालं तर ठीक. कॉर्न एक्स्चेंजच्या फरशीवर मिळालं, तर बाई जाईल कुठे?

(शेवटची, लांबट पेटी.)

ठासणीची बंदूक. खूण केलेली गोळी प्रेक्षक स्वतः देतो, बंदूक प्रेक्षक झाडतो, जादूगार गोळी झेलतो. अँडरसनने हा खेळ गाजवला. हे कुणी घरी करून बघू नये, कारण यात माणसं मेली आहेत. साधी पद्धत गोळी बदलायची. रॉबेर-ऊदँने 1856 मध्ये अल्जीरियात काजळी फासलेली मेणाची पोकळ गोळी वापरली. झाडताना ती फुटून जाते.

विल्यम रॉबिन्सन हा अमेरिकन, 1900 पासून चुंग लिंग सू नावाने चिनी सोंग घेऊन खेळ करायचा. त्याच्या बंदुकीची युक्ती जास्त बारीक. दारू आणि गोळी खऱ्या नळीतच ठासली जायची, पण चाप ओढला की ठिणगी त्या नळीत न जाता खालच्या, ठासणीचा गज ठेवायच्या नळीत जायची. तिथे नुसता बार. आवाज, धूर, ज्वाला. गोळी मात्र जागची हलत नाही. खूण केलेली गोळी त्याआधीच बदलून त्याच्या हातात आलेली.

खेळ झाल्यावर ती नळी रिकामी करायला हवी. झाडून टाकणं सोपं होतं. रॉबिन्सन मात्र बंदुकीच्या मागचा स्क्रू काढायचा, दारू आणि गोळी बाहेर घ्यायचा आणि स्क्रू परत बसवायचा. वर्षानुवर्षं असं करून स्क्रूचे आटे झिजले. झिजलेल्या आट्यांतून बारीक दारू सरकत सरकत दोन नळ्यांच्या मधल्या फटीत साठली. 23 मार्च 1918 ला लंडनच्या वुड ग्रीन एम्पायरमध्ये ठिणगीने ती वाट धरली आणि खरी नळी झडली. मंचावर कधीही इंग्रजी न बोलणारा तो माणूस इंग्रजीत म्हणाला की काहीतरी झालंय, पडदा पाडा. दुसऱ्या दिवशी तो गेला.